जमिनीखालची ज्वारी

आमच्या कॉन्डोच्या कॉरिडॉरमध्ये आंबलेल्या ज्वारीचा वास आला, तेव्हा जानेवारी महिना होता. मी खालून टपाल घेऊन वर आले, एलिव्हेटरचं दार उघडलं आणि तिथंच थबकले. टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या त्या इमारतीत वासांचं मला नवल नाही. कुणाकडं लसूण परतत असतात, कुणाकडं मासे, कुणाकडं आलं घातलेला चहा. पण हा वास वेगळा होता. सांगलीला माझी आई रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवायची आणि सकाळी त्याची आंबील करायची. झाकण उघडल्यावर यायचा तो वास हाच.

वास घेत घेत मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले. शेवटच्या घरात नुकतीच एक बाई राहायला आली होती. एकटीच असावी, कारण सामान अगदी थोडं होतं. मी दार वाजवलं.

दार उघडलं ते पस्तिशी उलटलेल्या, उंच, सावळ्या बाईनं. डोक्याला सैलसर ओढणी, हाताला पीठ. मला बघताच तिचा चेहरा उतरला.

"वासाबद्दल आलात ना? सॉरी. मी खिडकी उघडते. काल एकांनी सांगितलं मला."

"खिडकी उघडू नकोस, गारठून जाशील," मी म्हटलं. "मी विचारायला आले की ही ज्वारी आहे का?"

तिनं हाताचं पीठ झटकलं. मग दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "आत या ना."

ओट्यावर आमच्याच भागातल्या इंडियन ग्रोसरीतली ज्वारीच्या पिठाची पिशवी होती. शेजारी फेसाळलेलं पातळ पीठ. ती ते सपाट तव्यावर ओतत होती आणि एका जुन्या लायब्ररी कार्डाच्या कडेनं सर्रकन पसरवत होती. कागदासारखी पातळ पोळी निघत होती. त्यांच्याकडं या पोळीला किस्रा म्हणतात. घरी ती पसरवायला ताडाच्या पानाची पट्टी असते, इथं ती कुठून आणायची, म्हणून कार्ड. ती सुदानची होती. पूर्व सुदानमधल्या एका ज्वारीच्या गावची. ज्वारीला ती 'दुरा' म्हणत होती.

मी उभ्या उभ्याच एक किस्रा भेंडीच्या घट्टसर कालवणाबरोबर खाल्ली. आंबट, मऊ, जिभेवर विरघळणारी. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडं गरम भाकरी आणि पिठलं घेऊन गेले. तिनं भाकरी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि म्हणाली, "हे तर आमच्याच पिठाचं आहे. फक्त तुम्ही घाई केलीत, आंबू दिलं नाही." मला फार हसू आलं.

ती मला 'खालती' म्हणायला लागली. त्यांच्याकडं आईच्या बहिणीला खाला म्हणतात, आणि 'माझी खाला' म्हणजे खालती. पहिल्यांदा तिनं दारातून "खालती!" अशी हाक मारली, तेव्हा माझा नवरा वर्तमानपत्र बाजूला ठेवून मला म्हणाला, "अगं, ही कुणाला खाली बोलावतेय?" त्याला अर्थ सांगितला तेव्हा तो खूश झाला आणि तिला म्हणाला, "मराठीत खालती म्हणजे खाली, जमिनीकडं." पुढं आमचं सगळं काम जमिनीखालीच चालणार होतं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी शेती-अभियांत्रिकी शिकले आणि लग्न होऊन कॅनडात, मॅनिटोबा प्रांतात आले. तिथल्या एका धान्य संशोधन केंद्रात माझी सगळी नोकरी झाली. गव्हाच्या मोठमोठ्या पत्र्याच्या कोठ्या, त्यांच्यात हवा कशी खेळवायची, ओल कुठं साचते, किडे कधी होतात, हेच माझं काम. रिटायर झाल्यावर मुलगी ओकव्हिलला आहे म्हणून आम्ही तिच्या जवळ टोरांटोला आलो. नवरा हाडांचा डॉक्टर होता, तोही रिटायर झालेला. दिवस मजेत चालले होते. पण धान्याबद्दल मला कुणी काही विचारलं त्याला बरीच वर्षं झाली होती.

शेजारीण तिकडं सरकारी शेती खात्यात होती. सुदानमध्ये लढाई सुरू झाली तेव्हा ती एका प्रशिक्षणासाठी कॅनडात होती आणि इथंच राहून गेली. आता टोरांटोतल्या एका लहानशा संस्थेत काम करत होती. तिची थोरली बहीण गावीच होती. ती शाळेत शिकवायची, पण शाळेत आता लढाईमुळं घरदार सोडून आलेली कुटुंबं राहत होती. शाळा बंद म्हणून बहिणीनं आसपासच्या बायकांना गोळा करून एक गट केला होता.

"त्यांची अडचण काय आहे माहितीये?" एके दिवशी चहा पिताना ती म्हणाली. "ज्वारी पिकते. आमच्याकडं जमीन चांगली आहे. पण सुगी झाली की व्यापारी येतात आणि सगळी घेऊन जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो. आधी निदान बाजारात मिळायची. आता रस्ते कधी बंद होतील ते सांगता येत नाही. म्हणून बायका म्हणतात, आमचं धान्य आमच्याजवळच राहू दे."

"मग ठेवतात कशात?"

"तोच तर प्रश्न. पोत्यात ठेवलं की दोन-तीन महिन्यांत किडे. कुणीतरी पत्र्याच्या कोठ्या सुचवल्या, पण त्या तिथवर पोचणार कशा? आणि तिथल्या उन्हात पत्रा असा तापतो..."

"दिवसा तापतो, रात्री गार होतो, आणि आत पाणी धरतं," मी म्हटलं. "वरच्या थराला बुरशी येते. मी त्यावरच आयुष्य काढलं. पूर्वी तुमचे लोक काय करायचे?"

तिनं हातानं खड्डा दाखवला. "मतमूरा. जमिनीत खोल खड्डा खणायचे आणि त्यात ज्वारी पुरायचे. वर्षानुवर्षं टिकायची म्हणे. पण अलीकडं लोकांनी सोडून दिलं. कडेची ज्वारी काळी पडायची, वास यायचा."

मी कप खाली ठेवला. "पेव!" मी मोठ्यानं म्हटलं. ती दचकली. आतल्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. तोंड अरुंद, आत पोट मोठं, रांजणासारखी. माझे वडील हळदीच्या अडतीवर काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी कधीमधी मला बरोबर न्यायचे. पेवाचं तोंड उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही. आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचे आणि सगळे वरून वाकून बघत बसायचे. कंदील विझला तर आत हवा नाही, म्हणजे थांबायचं. मी वडिलांना विचारलं होतं, "हवा कुठं गेली?" ते म्हणाले, "हळदीनं घेतली." मोठेपणी शिकले तेव्हा कळलं की उत्तर बरोबरच होतं. पुरलेला माल श्वास घेतो, त्यातले किडेही घेतात. वरून सगळं बंद असेल तर हवेतला प्राणवायू संपतो आणि किडे मरून जातात. औषध नको, फवारणी नको. पुढं नदीच्या पुराचं पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली. जमिनीखाली धान्याला शत्रू एकच, पाणी.

हे मी तिला सांगितलं. ती डोळे बारीक करून ऐकत होती. मग तिनं फोन काढला आणि बहिणीला व्हॉइस मेसेज पाठवायला लागली. अरबीतलं मला काही कळत नव्हतं, पण मध्येच "पेव" ऐकू आलं. मग "खालती". पेवाची आणि माझी तिकडच्या कुठल्यातरी अंगणात ओळख करून दिली जात होती.

तेव्हापासून रविवारी सकाळी आमच्या डायनिंग टेबलवर तिकडचा फोन लागायला लागला. आमची सकाळ म्हणजे त्यांची दुपार. शेजारीण मधे बसून दोन्हीकडचं भाषांतर करायची. बहीण चाळिशी उलटलेली, शिक्षिकेसारखी ठाम बोलणारी. तिच्या मागं भिंतीशी बायका बसलेल्या असायच्या. रंगीत लुगड्यासारखं वस्त्र अंगाभोवती आणि डोक्यावरून घेतलेल्या. कुणाच्या मांडीवर मूल. नेटवर्क गेलं की सगळ्या तशाच गोठून जायच्या आणि आम्ही वाट बघायचो.

मुलगी ओकव्हिलहून आली तेव्हा हे बघून म्हणाली, "आई, तू रिटायर झाली आहेस ना?" पण पुढच्याच रविवारी तिनं तिचा जुना मोठा टॅब्लेट आणून टेबलवर लावून दिला. फोनच्या इवल्याशा स्क्रीनवर मी डोळे ताणून बघत होते, ते तिला बघवलं नसावं.

पहिली अडचण मातीची निघाली. बहिणीनं ढेकूळ कॅमेऱ्यासमोर धरलं आणि मी ओळखलं. सोलापूरकडं असते तशीच काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस आला की त्या भेगांतून पाणी सरळ खाली. जुन्या खड्ड्यांतली कडेची ज्वारी का काळी पडायची, ते उघड होतं.

"आतून जाड प्लास्टिकचं अस्तर घालू," मी म्हटलं. शेजारणीलाही ते पटलं. तिच्या संस्थेनं जवळच्या शहरातून प्लास्टिकचे ताव मागवलेही. पण ट्रक वाटेत अडला. कधी येईल, येईल की नाही, कुणी सांगू शकेना. सुगी होऊन गेली होती आणि व्यापारी गावात फिरायला लागले होते. खड्डे लवकर भरले नसते तर ज्वारी पोत्यांतून निघून गेली असती.

त्या रविवारी शेजारीण रडवेली झाली होती. "खालती, प्लास्टिकशिवाय होणारच नाही का?"

मी रात्रभर विचार केला होता, असं नाही. मला झोप चांगली लागते. पण सकाळी अंघोळ करताना मला आठवलं की हरिपूरला कुठं प्लास्टिक होतं? मी बहिणीला विचारलं, "ज्वारीची कणसं मळल्यावर उरतो तो भुस्सा काय करता?"

"गुरांना घालतो. जाळतो."

"यंदा जाळू नका. खड्डा उंचवट्यावर खणा, जिथं पाणी उभं राहत नाही. आत जाळ करून भिंती कोरड्या करा. मग तळाला आणि कडेनं भुश्श्याचा जाड थर द्या. असा, हातभर. ओल आली तर आधी भुस्सा पिईल."

मागची एक म्हातारी काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

शेजारीण हसत म्हणाली, "म्हणाली, तिची आजी असंच करायची, आणि ही कॅनडातली बाई आजीला कुठं भेटली?"

मला ते कौतुकच वाटलं. त्या म्हातारीला मग आम्ही पुढं सगळं विचारायला लागलो. भुस्सा कसा दाबायचा ते तिला हातानं ठाऊक होतं. दाणा किती वाळलेला हवा हे मला ठाऊक होतं. ते मोजायचं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं, म्हणून मी मिठाची रीत सांगितली. काचेची कोरडी बाटली घ्यायची, त्यात थोडी ज्वारी आणि थोडं कोरडं मीठ घालायचं आणि हलवायचं. थोडा वेळ ठेवून मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला आहे, अजून उन्हात घाला. मीठ खाली गोळा झालं तर भरायला हरकत नाही. हे मी स्क्रीनसमोर जॅमच्या बाटलीत करून दाखवलं. तिकडं सगळ्या बायका पुढं सरकून बघत होत्या. नवरा म्हणाला, "तुला टीव्हीवर कार्यक्रम मिळायला हवा होता."

वाद झाला तो खड्ड्याच्या आकारावरून. माझं म्हणणं होतं, गावाचा एकच मोठा खड्डा करा, लक्ष ठेवायला सोपं जाईल. बायकांना लहान लहान हवे होते, तीन-चार घरांत मिळून एक.

"का?" मी विचारलं.

बहिणीनं विचारून सांगितलं. "एकदा उघडलं की हवा आत जाते, मग ते सगळं लवकर संपवावं लागतं, असं तुम्हीच म्हणालात. मोठा खड्डा उघडला तर सगळी ज्वारी एकदम बाहेर. लहान असेल तर एक संपला की दुसरा." मग ती म्हणाली, "आणि एक मोठा खड्डा म्हणजे एक मोठं भांडण. लहान खड्डे म्हणजे लहान भांडणं. ती आम्ही मिटवू."

मी हात जोडले. लहान खड्डे ठरले. शिवाय जमिनीखाली कुठं काय आहे हे परक्याला दिसत नाही, आणि त्या दिवसांत तेही महत्त्वाचं होतं. हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात असावं.

रमजान सुरू व्हायच्या आधी खड्डे भरून झाले. वर भुस्सा, चटया, मग माती, आणि पाणी ओघळून जावं म्हणून उंच ढीग. फोटोंचा पाऊस पडला. नवरा म्हणाला, "तुझ्या फोनला फोटोंचं पेव फुटलंय." मग त्यानं शेजारणीला त्या वाक्प्रचाराचा अर्थ समजावला. एखादी गोष्ट अचानक भसाभसा बाहेर यायला लागली की मराठीत पेव फुटलं म्हणतात. तिला ते इतकं आवडलं की तिनं ते लगेच बहिणीला कळवलं.

त्या रमजानमध्ये संध्याकाळी ती बहुतेक आमच्याकडंच असायची. एकटीनं रोजा सोडणं बरं वाटत नाही, असं पहिल्या दिवशी म्हणाली होती. ती येताना हिलू-मूर नावाचं सरबत आणायची. आंबवलेल्या ज्वारीच्या मसालेदार पापडासारख्या पातळ पोळ्या पाण्यात भिजवून करतात. त्याचा रंग काळसर लाल, चव आंबट-गोड. नवऱ्याला ते इतकं आवडलं की तो तिच्याआधीच पेला घेऊन बसायचा. मग मी त्याला डोळे मोठे करून दाखवायची आणि तो सूर्य मावळेपर्यंत थांबायचा.

मधे त्याची संकष्टी आली. संध्याकाळी शेजारणीनं खजूर तोंडात टाकला आणि त्याच्यापुढं वाटी सरकवली. तो म्हणाला, "नाही, माझा चंद्र अजून उगवायचाय."

"म्हणजे तुमचा उपास माझ्यापेक्षा लांब?" तिला फार आदर वाटला. "सकाळपासून पाणीही नाही?"

"पाणी पितो. चहाही घेतो. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली."

ती माझ्याकडं वळली. "खालती, उपासाला खिचडी?"

"शेंगदाण्याचं कूट घातलेली," मी म्हटलं. "वर दही."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. नंतर ईदला ती स्वतःच साबुदाण्याची खिचडी करायला शिकली, आणि तिच्या ऑफिसात तिनं ती 'इंडियन फास्टिंग फूड' म्हणून नेली. कुणाचा विश्वास बसला नाही.

जूनमध्ये तिकडं पाऊस सुरू झाला. आणि जुलैत फोन बंद पडला. लढाई जवळ सरकली होती की नुसतं नेटवर्क गेलं होतं, कळायला मार्ग नव्हता. बातम्यांत त्या भागाचं नाव कधी यायचं, कधी नाही. शेजारीण ऑफिसातून आली की थेट आमच्याकडं यायची.  फोन टेबलवर उताणा ठेवून बसायची.

तिला नुसतं बसवून ठेवणं बरं नव्हतं. आमच्या बाल्कनीत मी कुंड्यांत भेंडी लावली होती, आणि त्या उन्हाळ्यात ती अशी आली होती की खाऊन संपेना. तिनं ती कापून दोऱ्यात ओवली आणि उन्हात टांगली. वाळल्यावर कुटून तिची पूड करायची, ती कालवणात घालतात. आम्ही तिघं संध्याकाळी बाल्कनीत बसून भेंडी ओवायचो. नवरा सर्जनच्या हातानं सुई चालवायचा. त्याच्या माळा सगळ्यांत सरळ असायच्या. एकदा ओवता ओवता ती म्हणाली, "मला ज्वारीची काळजी नाही वाटत. ती खराब झाली तर झाली. बहिणीचा आवाज ऐकू यावा एवढंच." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. 

ऑगस्टमध्ये एका सकाळी ती दार न वाजवताच आत आली. हातातला फोन वाजत होता. "लागला! खालती, लागला!"

टॅब्लेट लावेपर्यंत बहीण स्क्रीनवर आली. वाळलेली वाटत होती, पण हसत होती. टॉवर बंद पडला होता, दुरुस्त करायला कुणी येऊ शकत नव्हतं, बाकी गाव सुखरूप होतं. दोघी बहिणी बराच वेळ काहीबाही बोलत रडत होत्या. आम्ही उठून स्वयंपाकघरात गेलो. मग हाक आली, "खालती, या. उघडतायत."

घरातला दाणा संपला होता. शाळेत नवी कुटुंबं आली होती. पहिला खड्डा उघडायचं त्यांनी ठरवलं होतं आणि फोन लागला म्हणून आमच्यासाठी थांबल्या होत्या.

फावड्यानं माती बाजूला केली. चटई निघाली, भुस्सा निघाला. एक तरणी मुलगी आत वाकायला लागली तशी मी ओरडले, "थांबा! कंदील!" शेजारणीनं भाषांतर करायच्या आधीच बहिणीनं मुलीचा दंड धरून तिला मागं ओढलं होतं. कंदील नव्हता, त्यांनी डब्यात मेणबत्ती लावून दोरीनं आत सोडली. विझली. सगळ्या बायका मागं सरकून बसल्या. आम्हीही इकडं बसलो. गप्पा सुरू झाल्या. नवऱ्यानं चहा केला. बऱ्याच वेळानं पुन्हा मेणबत्ती सोडली, ती जळत राहिली.

बहिणीनं भांडं आत घालून पहिली ज्वारी काढली. वरचा थर थोडा मळकट होता, तो कोंबड्यांना टाकला. पुढचं भांडं तिनं कॅमेऱ्यासमोर धरलं. दाणा पांढराशुभ्र, कोरडा. तिनं एक दाणा दाताखाली फोडला आणि तो कडक आवाज आम्हाला इथं ऐकू आला, किंवा मला तसं वाटलं. म्हातारीनं मूठभर घेऊन नाकाशी धरली आणि मान डोलावली. मग बायकांनी जिभा हलवून आनंदाचा तो लांबलचक किणकिणता आवाज काढला. आमच्या शेजारणीनंही इकडं काढला. एवढ्या मोठ्यानं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी फरशीवर ठोकलं.

त्या दिवशी शाळेतल्या पाहुण्या कुटुंबांसाठीही किस्रा झाल्या. ते आधीच ठरलं होतं. प्रत्येक खड्ड्यातला वाटा त्यांच्यासाठी काढायचा, असं बायकांनी खड्डे भरतानाच एकमेकींना सांगून ठेवलं होतं. त्यावर भांडण झालं का, मी विचारलं. "झालं," बहीण म्हणाली. "लहानसं."

सगळंच नीट झालं असं नाही. रस्त्याकडेच्या एका खड्ड्यात पाणी शिरलं होतं. ती ज्वारी आंबून गेली, शेळ्यांनाही देववेना. पण बाकीचे खड्डे एकामागून एक उघडत गेले आणि नवी सुगी येईपर्यंत त्या गावात कुणाला व्यापाऱ्याच्या दारात जावं लागलं नाही. शेजारच्या गावातल्या बायका येऊन बघून गेल्या. मिठाची बाटली आता तिकडं घरोघरी आहे म्हणे.

गेल्या वर्षी शेजारीण मॉन्ट्रियलला गेली. तिला तिथं एका मोठ्या कामात जागा मिळाली. आफ्रिकेतल्या कोरड्या पट्ट्यातले नायजर, सेनेगल असे मुस्लिमबहुल देश, तिथली गावं, आणि तोच प्रश्न. एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत दाणा कसा पुरवायचा. तिकडं फ्रेंच लागते, म्हणून ती चाळिशीच्या उंबरठ्यावर रोज संध्याकाळी वर्गात बसते. निघताना तिनं आमच्या दारात भेंडीच्या पुडीची बरणी ठेवली आणि नवऱ्याच्या गळ्यात पडून रडली. तो मला नंतर म्हणाला, "मला वाटलं, आपली मुलगीच पुन्हा लग्न होऊन चाललीय."

या वसंतात आम्ही दोघं रेल्वेनं तिच्याकडं गेलो. ती स्टेशनवर न्यायला आली होती. मेट्रोत तिनं आम्हाला "बाँजूर" म्हणायला शिकवलं आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला नवऱ्यानं ते म्हटलं. तिच्या घरी खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसतो. बहीण आता तिच्या गावी पुन्हा शाळेत शिकवते. अर्ध्या वर्गात पाहुणी मुलं आहेत, पण शाळा भरते.

जेवण झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडून नायजरमधल्या एका गावाचे फोटो दाखवले. तिथं धान्य जमिनीखाली नाही, वर ठेवतात. लाकडी पायांवर उभ्या असलेल्या, गवतानं शाकारलेल्या मातीच्या कणग्या. आत बाजरी आणि चवळी.

"बाजरीला फ्रेंचमध्ये 'मील' म्हणतात," ती म्हणाली. "बाजरी टिकते, खालती. पण चवळीला इतके भुंगे लागतात की विचारू नका. ते लोक राखेत घालून ठेवतात, तरी होतात. तुमच्याकडं काय करतात?"

"आमच्याकडं उन्हात घालून तेल चोळतात. पण हे वर ठेवण्याचं मला काही माहीत नाही," मी म्हटलं. "हे मला पहिल्यापासून शिकावं लागेल."

"मग शिका," ती म्हणाली आणि खुर्ची माझ्या बाजूला सरकवली. नवरा सोफ्यावर आडवा झाला होता. मी चष्मा पुसला आणि पहिला फोटो मोठा करून कणगीचे पाय बघायला लागले.